दूरचा आकडा, जवळचा हात

माहीमहून वांद्र्याकडे जाताना खाडीवरचा जो रस्ता लागतो, तो १८४५ साली खुला झाला. त्याआधी खाडी ओलांडायची म्हणजे होडी, आणि पावसाळ्यात होडी म्हणजे जिवावरचं काम. सरकार पैसा सोडायला तयार होईना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी आधी १ लाख आणि काम अर्ध्यावर अडल्यावर आणखी ५७ हजार रुपये दिले. अट एकच: या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. जमशेटजींची संपत्ती चीनला कापूस आणि अफू पाठवून उभी राहिली होती, हे आता मुंबईच्या इतिहासात उघडपणे लिहिलं जातं. माझं बालपण माहीमचं, त्यामुळे हा रस्ता पायाखालचा. पण तो बांधला जात होता त्याच दशकात या शहरात अफूवर आणखी एक पैसा फिरत होता आणि त्यात अफूची गोळीही कुणाच्या हाताला लागत नव्हती, हे मला बऱ्याच उशिरा, जुने निकाल चाळताना कळलं.

कंपनी सरकार आपल्या अफूचा लिलाव कलकत्त्यात करत असे. त्या लिलावात पेटीला काय भाव येईल, यावर मुंबईतले व्यापारी आपसांत पैजा लावत. माल नाही, ताबा नाही. ठरलेल्या भावापेक्षा प्रत्यक्ष भाव जितका वर किंवा खाली, तेवढा फरक हरणाऱ्याने द्यायचा. तारयंत्र अजून आलं नव्हतं. लिलाव होऊन जायचा आणि बातमी डाकेने इथे पोचायला दिवसच्या दिवस लागायचे. म्हणजे घटना घडून गेलेली असायची, पण मुंबईपुरती ती अजून घडायचीच असायची. असाच एक व्यवहार फिसकटला, कोर्टात गेला आणि १८४८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर निकालाला आला. अशा पैजेमुळे सरकारी लिलावाच्या भावात पैजकऱ्यांचा स्वार्थ गुंततो, म्हणून ती लोकहिताविरुद्ध आहे, असा एक युक्तिवाद तिथे झाला. तो टिकला नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे पैजेचे पैसे वसूल करता येतात, असं लॉर्ड कॅम्पबेल यांना म्हणावं लागलं, आणि ते म्हणताना आपल्याला खेद होतो हेही त्यांनी नोंदवून ठेवलं. त्याच वर्षी हिंदुस्थानात २१ क्रमांकाचा कायदा आला आणि पैजेचे करार रद्दबातल ठरले. १८६५ मध्ये मुंबई इलाख्याने त्यापुढे जाऊन पैजेला जोडून येणाऱ्या करारांनाही कोर्टाचं दार बंद केलं.

दार बंद झालं म्हणून सट्टा थांबला नाही. मात्र तो पूर्णपणे विश्वासावर आला. असा व्यवहार चालायचा तर दोन गोष्टींची खात्री लागते. हरलेला माणूस पैसे देईल, ही पहिली. त्यासाठी पेढी होती, दलाल होते, जातभाईंचा धाक होता. दुसरी खात्री जास्त अवघड: आकडा कुणी वळवलेला नाही. तिच्यासाठी मुंबईने जो तोडगा काढला, तो मला या साऱ्या इतिहासाचं मूळ वाटतो. आकडा दूरचा घ्यायचा, इतका दूरचा, की इथल्या कुणाचा हात तिथवर पोचू नये.

पावसाहून दूरचं काय असणार? १८८०च्या दशकात मुंबईत पावसाच्या सट्ट्याला ऊत आला होता. ठरलेल्या तासांत मोरी वाहील की नाही, पन्हळीतून पाणी पडेल की नाही, यावर पैसे लागत. 'कलकत्ता मोरी' आणि 'लाकडी सट्टा' ही त्यातल्या दोन प्रकारांची नावं. पैज एकदा लावून घरी जाण्याची ही गोष्ट नव्हती. आभाळ कोरं असेल तर 'वाहील' म्हणणाऱ्याला भरघोस भाव; समुद्रावरून ढग चढू लागला की तो भाव उतरणार. वारा पडला, ढग रेंगाळला, की पुन्हा चढणार. सकाळी लावलेला पैसा दुपारी उलट्या बाजूला लावून अंग काढून घेता येणार. चालत्या खेळावर, बदलत्या भावाने पैसे लावण्याची जी पद्धत आज मोबाइलची देणगी समजली जाते, तिची सारी अंगं या मोरीपाशी हजर आहेत. (माहीमच्या खाडीवर ढग बघून छत्री न घेता निघालेले आणि भिजून परतलेले आमच्या घरात तीन पिढ्या आहेत. या धंद्यात आम्ही तरलो नसतो.)

पोलिसांना मात्र हा प्रकार कोणत्या कलमात बसवावा ते उमगेना. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा 'खेळा'वरचा होता. १८८९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो हाच: पाऊस हा खेळ आहे का? न्यायालयाने नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. पाऊस कुणी खेळत नाही. मग सरकारने १८९० मध्ये कायदा दुरुस्त करून 'जुगार' या शब्दाच्या व्याख्येत पैज घातली. नाव बदलत बदलत तोच कायदा महाराष्ट्रात आजही चालू आहे. क्रिकेटवर सट्टा घेणाऱ्या बुकीला आज मुंबईत ज्या कायद्याखाली उचलतात, तो असा मोरीच्या पाण्यासाठी रुंद केलेला आहे. या गमतीकडे आपल्या कायद्याच्या इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यायला हवं होतं.

पावसानंतर कापूस. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय बंद झाला, हे मुंबईच्या कापूस बाजाराला तारेने, पुढे टेलिप्रिंटरने कळत असे. त्या भावातल्या शेवटच्या अंकांवर पैसे लागू लागले. यालाच लोक 'आकडा' म्हणू लागले. परळ-लालबागच्या गिरण्यांत जो कापूस कातला जात होता, त्याच्याशी त्या आकड्याचा व्यवहारात काही संबंध नव्हता. पण गिरणी कामगाराला त्याचं आकर्षण होतं आणि ते अकारण नव्हतं. मुकादम, जॉबर, सावकार, घरमालक, या सगळ्यांच्या हातात त्याचं काही ना काही होतं. न्यूयॉर्कचा आकडा यांतल्या कुणाच्याही हातात नव्हता. गरीब माणसाला एवढी निष्पक्षपाती गोष्ट दुसरीकडे कुठे मिळणार होती?

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचा हा आकडा यायचा बंद झाला. इथे मुंबईच्या सट्ट्याने जे वळण घेतलं, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. आकडा दुरून येत नसेल तर तो इथेच काढायचा. कच्छहून आलेला कल्याणजी भगत याने १९६२ मध्ये वरळीला मटका सुरू केला; रतन खत्री या सिंधी निर्वासिताने १९६४ मध्ये न्यू वरळी मटका. मडक्यातून चिठ्ठ्या काढायच्या म्हणून मटका. पुढे चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले, नाव तेच राहिलं. तीन पानं काढायची, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा अंक तो 'ओपन'. दोन, चार आणि नऊ आली तर पंधरा, म्हणजे पंजा. काही तासांनी पुन्हा तीन पानं, तो 'क्लोज'. दोन्ही मिळून जोडी. एका अंकाला नऊपट, जोडीला नव्वदपट.

माझ्या लहानपणी माहीम स्टेशनबाहेरच्या पानाच्या ठेल्यावर रात्री थांबलेली माणसं एकमेकांना "काय आला?" एवढंच विचारत. कुणाचं काय, हे विचारावं लागत नसे. आमच्या चाळीतले एक काका सकाळी मुलांना गाठून स्वप्नात काय दिसलं ते विचारायचे. साप दिसला तर एक आकडा, वरात दिसली तर दुसरा. आम्ही खाऊच्या आशेने वाटेल ती स्वप्नं पाडायचो. ते हरले तरी आमच्यावर कधी चिडले नाहीत, हे आता आठवलं की वाईट वाटतं.

पण आकड्याचा पल्ला पाहा. कलकत्ता, आभाळ, न्यूयॉर्क, आणि आता एका माणसाचा पत्ते पिसणारा हात. ज्या भीतीपोटी मुंबईने इतकी वर्षं दूरचे आकडे शोधले, ती भीती आता समोर येऊन बसली होती. खत्रीला हे कळत होतं. पानं तो चारचौघांसमोर काढायचा, समोरच्याला पत्ते तपासू द्यायचा, असं त्याच्याविषयी सांगितलं जातं. त्याच्या धंद्याचं खरं भांडवल रोकड नसून हा उघडेपणा होता. आणीबाणीत तो तुरुंगात गेला, १९७५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटातलं पात्र त्याच्यावर बेतलं गेलं, २०२० च्या मे महिन्यात तो मुंबईत वारला. त्याच्यावर लिहिणारे सहसा याच गोष्टी सांगतात. मला रस आहे तो त्याने पत्ते तपासायला दिले यात.

१९८२ च्या संपाने गिरणगाव मोडलं आणि मटक्याचं रोजचं गिऱ्हाईकही विरत गेलं. दरम्यान १९८३ चा विश्वचषक आला, घराघरात दूरचित्रवाणी आली, शारजाचे सामने आले. सट्टा क्रिकेटकडे वळला. सुरुवातीला प्रश्न साधा होता: कोण जिंकणार? एखाद्या संघाचा भाव चाळीस पैसे म्हणजे त्याच्या विजयावर रुपया लावणाऱ्याला चाळीस पैसे सुटणार. संघाच्या बाजूने लावलं तर 'लगाई', विरुद्ध लावलं तर 'खाई'. फोनच्या तारेवरून एकाच वेळी अनेक बुकींना भाव ऐकवणारी यंत्रणा उभी राहिली. पण सामन्याचा निकाल हा बुकीच्या दृष्टीने आळशी माल आहे. दिवसातून एकदाच विकता येतो. म्हणून 'सेशन' आलं: सहा षटकांत किती धावा? त्यानंतर एका षटकात किती, आणि शेवटी पुढच्या चेंडूवर काय?

इथे दोन गोष्टी एकदम आखूड होत गेल्या. अफूच्या लिलावाची वाट दिवसच्या दिवस पाहावी लागे, मोरीची काही तास, मटक्याची ओपन ते क्लोज. चेंडूची वाट अर्धा मिनिट. आणि वेळ जसजशी आखडली, तसा आकडाही माणसाच्या जवळ आला. सामन्याचा निकाल बावीस जणांच्या, पंचांच्या, खेळपट्टीच्या आणि हवामानाच्या हातात असतो. तो वळवायचा तर पाच-सहा जणांना तरी वळवावं लागतं. सेशनला दोघे-तिघे लागतात. एका चेंडूला एकच हात पुरतो, आणि तो गोलंदाजाचा असतो.

त्यातही शेवटचं षटक वेगळं. सहा चेंडूंत बारा धावा हव्या असताना एक वाइड पडला, तर धाव मिळते आणि चेंडूही शिल्लक राहतो. भाव एका श्वासात उलटतो. मैदानातला माणूस हे घडताना पाहतो, घरातला पडद्यावर काही सेकंदांनी. कलकत्त्याची डाक ज्याला आधी मिळेल त्याचा जसा फायदा, तसाच तो इथे. आणि याच वेळी हात सर्वात दमलेला असतो, चेंडू घामाने किंवा दवाने ओला झालेला असतो, गोलंदाज यॉर्करच्या मागे असतो. चूक व्हायला सारी परिस्थिती अनुकूल. म्हणजे खोटं करायलाही हीच वेळ बरी, कारण खऱ्या चुकीचा आडोसा तयारच असतो.

कोणती चूक विकत घेतली जाते, हेही पाहण्यासारखं आहे. २०१० साली लॉर्ड्‌सवर पाकिस्तानच्या दोन गोलंदाजांनी मिळून तीन नो-बॉल टाकले. ते कधी पडणार हे मध्यस्थाने गिऱ्हाईक बनून आलेल्या पत्रकाराला आधीच सांगितलं होतं. खेळाडू आपल्या मुठीत आहेत, याचा तो नमुना होता. दोन्ही गोलंदाज, कर्णधार आणि मध्यस्थ २०११ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या न्यायालयातून तुरुंगात गेले. नो-बॉलच का? कारण त्याला फलंदाजाची संमती लागत नाही. बळी किंवा चौकार विकायचा तर समोरच्यानेही ठरल्याप्रमाणे वागायला हवं. रेषेपुढे पडलेला पाय हा पूर्णपणे गोलंदाजाच्या मालकीचा असतो.

मे २०१३ मध्ये हे प्रकरण आपल्या दारात आलं. वानखेडेवरचा आयपीएलचा सामना आटोपल्यावर दिल्ली पोलिसांनी राजस्थानच्या संघातल्या तीन गोलंदाजांना मुंबईत अटक केली. ठरलेल्या षटकात ठरलेल्या किमान धावा द्यायच्या आणि आधी बुकीला खूण करायची, उदाहरणार्थ कमरेला टॉवेल खोचायचा, असा आरोप होता. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केलं. त्यातला एक मुंबईचा, डावखुरा फिरकी गोलंदाज. त्या दोन वर्षांत दादर-माहीमच्या कट्ट्यांवर जी चर्चा मी ऐकली, ती कायद्याची नव्हती. लोक जुनी षटकं आठवून सांगत होते: तो अमुक चेंडू आठवतो का, तेव्हाच मला वाटलं होतं. निर्दोष षटकांवरही मागाहून डाग पडत होते.

असंच अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत अगदी अलीकडे घडलं. तिथे सामना नऊ डावांचा. सुरुवातीचा पिचर दमला की राखीव पिचर येतो, त्याला रिलीफ पिचर म्हणतात. आणि निसटती आघाडी राखायला शेवटच्या डावात जो येतो तो क्लोजर. आपल्या विसाव्या षटकाच्या गोलंदाजाचा हा सख्खा भाऊ. मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची देशव्यापी बंदी उठवली आणि बऱ्याच राज्यांत मोबाइलवर, चालत्या सामन्यात, पुढच्या एका फेकीवरही कायदेशीर पैसे लावता येऊ लागले: फेक 'बॉल' जाईल की 'स्ट्राइक', वेग अमक्याहून कमी की जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडचा नामांकित क्लोजर एमॅन्युएल क्लासे आणि त्याचा सहकारी लुईस ऑर्टिझ यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये आरोपपत्र दाखल झालं. आधी सांगून फेक मुद्दाम बाहेर टाकायची आणि पैज लावणाऱ्यांना जिंकून द्यायचं, असा आरोप. दोघांनीही तो नाकारला. आरोपपत्रातली एक हकिकत माझ्या डोक्यातून जात नाही. मे २०२५ च्या एका सामन्यात क्लासेची फेक 'बॉल' जाणार यावर सुमारे ४,००० डॉलर लागले होते. फेक बाहेरच गेली, पण फलंदाजाने बॅट फिरवली. नियमाप्रमाणे स्ट्राइक. पैज बुडाली. म्हणजे हात विकत घेतलेला, चेंडूही ठरल्या जागी पडलेला, आणि समोरच्या माणसाला काही ठाऊक नसल्यामुळे सगळं फसलं! आरोप खरा असो की खोटा, खेळ अजून खेळ उरलाय तो अशा ठिकाणी.

आरोपपत्रानंतर दुसऱ्याच दिवशी बेसबॉल लीगने सट्टा कंपन्यांशी ठरवून एका फेकीवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली. आपल्याकडे वाद वेगळाच चालतो: सट्टा कायदेशीर करावा की नाही. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये तो नियमात आणावा असं सुचवलं, विधी आयोगाचा २०१८ चा अहवालही त्याच विषयाभोवती फिरला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीच आणली. परवानगी असो की बंदी, पैज कशाच्या निकालावर, यावर आपण बोलतच नाही. सामन्याच्या निकालावरची पैज आणि पुढच्या चेंडूवरची पैज या एकाच धंद्यातल्या दोन गोष्टी असल्या तरी एकीला पावसासारखा दूरचा आकडा अजून थोडाफार शिल्लक आहे. दुसरीत फक्त एक मनगट आहे.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितोय त्याला एक खासगी कारण आहे. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालेलं आणि १९२७ पासून शिवाजी पार्क म्हणून ओळखलं जाणारं मैदान आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खेळण्यात मला गती नव्हती, म्हणून मी स्कोअर लिहायला शिकलो. कांगा लीगच्या ओल्या सामन्यांपासून टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धांपर्यंत लिहीत राहिलो. नव्वदीतल्या अशाच एका रात्रीच्या स्पर्धेत, मैदान आता सांगत नाही, आमच्याच गल्लीतला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा शेवटचं षटक टाकत होता. अकरा धावा हव्या होत्या. माझ्या टेबलामागे एक माणूस उभा होता. त्याच्याही हातात वही होती आणि प्रत्येक चेंडूनंतर तो माझ्या वहीत डोकावत होता. तिसरा चेंडू लेगला वाइड. पुन्हा टाकला, पुन्हा वाइड, तसाच. मागच्या माणसाने काहीतरी खोडून काहीतरी लिहिलं आणि तो गर्दीत मिसळला. सामना आम्ही हरलो.

नंतर तो मुलगा टेबलापाशी आला. "दादा, दुसरा वाइड नव्हता ना?" त्याने विचारलं. हात पॅन्टला पुसत होता, चेंडू दवाने साबणासारखा झाला होता हे मलाही दिसत होतं. मी म्हटलं, पंचांनी हात पसरले, मी लिहिलं. तो आणखी काही बोलणार होता, पण मी वही मिटली. त्यानंतर तो त्या मैदानावर फार दिसला नाही. त्याने चेंडू सोडला की त्याच्या हातून सुटला, याचा मी त्या रात्री जो निकाल मनात लावला, तो केवळ मागे उभ्या असलेल्या माणसाच्या वहीवरून लावला होता.

ती स्कोअरची वही अजून माझ्याकडे आहे. पानं पिवळी पडलीत, पेन्सिल पुसट झालीय. शेवटच्या षटकाच्या चौकटीत ओळीने एक टिंब, एक एकेरी धाव, आणि मग दोन फुल्या आहेत. दुसरी फुली पहिलीपेक्षा जरा गडद उमटलीय. तेव्हा मी पेन्सिल दाबली असणार.